‘कधीतरीच लावतो’ हाच खरा धोका

डिसेंबर-जानेवारीत बीड जिल्ह्यात दिवसा ऊन चटकते आणि रात्री बालाघाटच्या पठारावरचा वारा एका गोधडीवर दुसरी गोधडी घ्यायला लावतो. ही थंडी वर्षातून जेमतेम दीड-दोन महिन्यांची. त्यामुळे घर उबदार ठेवण्याची कायमची सोय इथे कोणी करत नाही. कडाक्याच्या चार रात्रींपुरते काहीतरी जुळवले जाते. घराखालच्या गाळ्यात दुचाकी, खताची पोती आणि भावाची वाट पाहत असलेला कापूस शेजारी शेजारी असतो. तिथेच शटर खाली ओढून छोट्या सिलिंडरवरचा गॅस हीटर पेटवला जातो. कोणी गाडीचे काम करत बसतो, कोणी अभ्यास करतो, पाहुणे आले तर कोणी तिथेच अंथरूण टाकतो. बाळंतिणीच्या खोलीत बाजेखाली निखाऱ्यांचे घमेले सरकवले जाते. रेशमाच्या शेडमध्ये अळ्या गारठू नयेत म्हणून शेगडी ठेवली जाते. कोणी हटकले तर उत्तर ठरलेले असते, ‘रोज कुठं लावतो? कधीतरीच लावतो.’

वैद्यकीयदृष्ट्या या उत्तरात दिलासा शोधण्यासारखे काही नाही. सिगारेट किंवा चुलीचा धूर वर्षानुवर्षे थोडी थोडी हानी करतो, तिथे ‘कधीतरी’ आणि ‘रोज’ यांत फरक पडतो. बंद खोलीतल्या आगीतून तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड मात्र वर्षांचा हिशेब ठेवत नाही. त्याला एक रात्र पुरते. उलट वापर कधीतरीचा असतो म्हणूनच गाळ्याला झरोका काढला जात नाही, हीटरचा बर्नर साफ केला जात नाही, नळी तपासली जात नाही आणि खोलीत निजणाऱ्याला काय जपायचे हे सांगितले जात नाही.

बंद खोलीतला हिशेब

स्वयंपाकाचा गॅस भरपूर हवेत नीट जळला की त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. हवा कमी पडली की ज्वलन अर्धवट राहते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. हवा किती लागते याचा अंदाज घेतला तर गाळ्यातला धोका लगेच लक्षात येतो. एक किलो गॅस पूर्ण जळायला सुमारे १३ घनमीटर हवेतला ऑक्सिजन खर्च होतो. चांगली ऊब देणारा मोठा गॅस हीटर तासाला ३०० ग्रॅमच्या आसपास गॅस जाळतो, म्हणजे तासाला सुमारे चार घनमीटर हवेतला ऑक्सिजन संपवतो. दहा बाय पंधरा फुटांच्या, दहा फूट उंच गाळ्यात सगळी मिळून साधारण ४२ घनमीटर हवा मावते. बाहेरची हवा आत आलीच नाही, तर २१ टक्के असलेला ऑक्सिजन दीड तासात १८ टक्क्यांच्या आसपास उतरतो. प्रत्यक्षात शटरच्या फटीतून थोडी हवा येते. पण थंडी असते म्हणून त्याच फटीत आपण पोते कोंबतो. गाळा सामानाने भरलेला असेल तर हवेला जागाही कमी उरते.

ऑक्सिजन १८ टक्क्यांवर आला तरी माणसाला लगेच गुदमरल्यासारखे वाटत नाही. ज्योत मात्र बिघडते आणि कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण झपाट्याने वाढू लागते. म्हणूनच घरात वापरायच्या काही गॅस हीटरमध्ये ऑक्सिजन या पातळीला आला की गॅस आपोआप बंद करणारा संवेदक बसवलेला असतो. गल्लीतल्या दुकानातून आणलेल्या, थेट सिलिंडरच्या तोंडावर बसणाऱ्या साध्या हीटरमध्ये तो असेलच असे नाही. वर्षभर माळ्यावर पडलेल्या हीटरच्या बर्नरमध्ये धूळ आणि कोळ्याची जाळी साठली असतील, तर खोलीत भरपूर हवा असूनही पहिल्या मिनिटापासून हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

लोकांची भिस्त वासावर असते. गॅस गळला तर वास येईलच, असे धरून चालतात. सिलिंडरमधल्या गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे रसायन मिसळलेले असते. गॅस जळाला की ते रसायनही जळून जाते. जळणातून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग, ना डोळ्यांची चुरचुर. शेगडीबाबतचा समजही असाच फसवा आहे. कोळसे फुलले आणि धूर थांबला की शेगडी आत न्यायला हरकत नाही, असे घरोघरी मानले जाते. पण धूर गेला तरी लालबुंद निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. धूर होता तोवर निदान खोकला तरी येत होता. धुराबरोबर तो इशाराही जातो.

शरीरात काय होते

रक्तातले हिमोग्लोबिन फुप्फुसातून ऑक्सिजन उचलते आणि शरीरभर पोहोचवते. कार्बन मोनॉक्साइड याच हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समध्ये क्लोद बर्नार यांनी या विषाचे हे वर्म उलगडले. पुढे जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणींत धोक्याची सूचना मिळावी म्हणून लहान पक्षी जवळ ठेवण्याचा उपाय सुचवला. पक्षी माणसाच्या आधी कोसळे आणि खाणकामगारांना बाहेर पडायला वेळ मिळे. गाळ्यात निजलेल्या माणसाजवळ असा पक्षी नसतो.

सुरुवात डोकेदुखीने होते. मग मळमळ, चक्कर, छातीत धडधड, थकवा. नंतर पायांतले बळ जाते आणि विचार सुचेनासा होतो. या विषाचा सगळ्यात क्रूर भाग हाच आहे. काहीतरी बिघडले आहे हे उमगते, पण उठून कडी काढण्याइतकी ताकद उरलेली नसते. झोपेत असलेल्याला तेवढेही उमगत नाही.

ही लक्षणे इतकी ओळखीची आहेत की निदान चुकते. डोके दुखले की पित्त, उलटी झाली की शिळे अन्न, तोल गेला की दारू. अशा वेळी तीन प्रश्न विचारावेत. घरातल्या एकापेक्षा जास्त माणसांना एकाच वेळी डोकेदुखी आणि मळमळ सुरू झाली का? मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटते का? त्या खोलीत गॅस, शेगडी, गिझर, जनरेटर किंवा गाडीचे इंजिन चालू होते का? उत्तरे ‘हो’ असतील, तर उलट सिद्ध होईपर्यंत ती कार्बन मोनॉक्साइडची विषबाधाच समजावी.

कोरोनानंतर अनेक घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आहे. या विषबाधेत ते दगा देते. साधे ऑक्सिमीटर रक्ताच्या रंगावरून अंदाज बांधते आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिनही त्याला ऑक्सिजनने भरलेलेच वाटते. रुग्ण अर्धवट शुद्धीत असताना पडद्यावर ९८ किंवा ९९ दिसू शकते. तो आकडा पाहून ‘ऑक्सिजन चांगला आहे’ म्हणत रुग्णाला घरीच ठेवणे जिवावर बेतू शकते.

बातम्यांतून न घेतलेला धडा

जानेवारी २०२० मध्ये केरळहून नेपाळला गेलेले आठ पर्यटक दामन या थंड हवेच्या ठिकाणी एका खोलीत मुक्कामाला होते. त्यांत चार मुले होती. थंडीसाठी खोलीत गॅस हीटर होता. सकाळी आठही जण बेशुद्ध सापडले आणि एकही वाचला नाही. त्याच महिन्यात मुंबईत बोरिवलीला पंधरा वर्षांची एक मुलगी गॅस गिझर असलेल्या बाथरूममध्ये बेशुद्ध सापडली आणि पुढे दगावली. जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीच्या अलीपूर भागात खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्या एका कुटुंबातले चौघे गेले, त्यांत दोन मुले होती. ठिकाणे वेगळी, साधने वेगळी, घरांची ऐपत वेगळी. आग आतली आणि दार-खिडकी बंद, एवढे मात्र तिन्हीकडे सारखे होते.

अशा बातम्या वाचून आपण हळहळतो आणि ‘तिकडे थंडी फार’ म्हणून पान उलटतो. पण जिथे थंडी कायमची आणि कडक असते, तिथल्या घरांना धुराडी असतात आणि लोकांना आगीबरोबर राहायची सवय असते. थंडी थोडे दिवस येते तिथे घरेही तयार नसतात आणि माणसेही. बीड अशाच भागात मोडते.

आपल्या जुन्या घरांना मात्र हे शहाणपण होते. माळवदाच्या घरात चुलीच्या वर छताला साणे ठेवलेले असे. उजेड आत येई आणि धूर बाहेर जाई. सिमेंटचा स्लॅब, घट्ट बसणारी खिडकी आणि लोखंडी शटर आले. घरे पक्की झाली, पण साणे गेले. आग मात्र जुन्याच सवयीने आत राहिली.

बीडमधल्या तीन खोल्या

पहिली खोली गाळ्याची. इथे विषारी वायूच्या जोडीला भडक्याचाही धोका आहे. गळलेला गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. पेट्रोलची वाफही जडच. दुचाकीच्या टाकीतून झिरपलेले पेट्रोल, रंगाचा थिनर आणि कोपऱ्यात रचलेला कापूस यांच्यामध्ये उघडी ज्योत ठेवणे म्हणजे ठिणगीला आवतण. थंडीत इंजिन तापावे म्हणून शटर खाली ठेवून गाडी सुरू करणे किंवा वीज गेल्यावर जनरेटर गाळ्यातच चालवणे हाही तोच धोका आहे. इंजिनाच्या धुरातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड बंद जागा काही मिनिटांत भरून टाकतो.

दुसरी खोली बाळंतिणीची. वारे लागू नये म्हणून दारे-खिडक्या बंद, आणि शेकण्यासाठी निखारे. घरातली मोठी माणसे हे मायेनेच करतात. पण त्या खोलीत असलेले बाळ मोठ्या माणसापेक्षा भराभर श्वास घेते, म्हणून त्याच्या अंगात विष लवकर भिनते. त्याला डोके दुखते हे सांगता येत नाही. ते सुस्त पडते, दूध ओढत नाही, आणि घरच्यांना वाटते की उबेत छान झोपले. गरोदर बाईच्या बाबतीत धोका आणखी वेगळा आहे. पोटातल्या बाळाचे रक्त हा वायू जास्त धरून ठेवते आणि सोडते सावकाश. आई सावरलेली दिसली तरी बाळ सावरलेले असेलच असे नाही. नवजात बाळाला उबदार ठेवण्याचा सर्वांत चांगला उपाय आईच्या अंगाशीच आहे. उघड्या छातीशी बाळ धरून वरून पांघरूण घ्यायचे, डोक्याला टोपडे आणि पायांत मोजे घालायचे. कमी वजनाच्या बाळांसाठी रुग्णालयांतही हीच पद्धत शिकवली जाते.

तिसरी खोली रेशीम अळ्यांच्या संगोपनाची. रेशीम शेतीत बीड जिल्हा राज्यात आघाडीवर आहे. अळ्यांना साधारण २४ ते २८ अंश तापमान मानवते आणि हिवाळ्याच्या रात्री शेडमधले तापमान त्याच्या बरेच खाली जाते. म्हणून ताडपत्र्या सोडून, जाळ्या झाकून आत शेगडी किंवा गॅसचा बर्नर लावला जातो. पाला टाकायला रात्री शेतकरी आत जातो आणि दमलेला असेल तर तिथेच आडवा होतो. पीक वाचवताना घरचा माणूस धोक्यात घालायचा नसेल, तर त्या शेडमध्ये झोपायचे नाही हा नियमच करायला हवा. कोंडलेली हवा आणि धूर अळ्यांनाही मानवत नाहीत, त्यामुळे हवा खेळती ठेवणे दोघांच्याही फायद्याचे आहे.

या तिन्ही खोल्यांमागे जिल्ह्याचे आणखी एक वास्तव आहे. हिवाळ्याच्या याच महिन्यांत हजारो जोडपी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेली असतात. गावात मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि शाळकरी नातवंडे. रात्री शेगडी आत घेणारे हात सत्तरीतले असतात आणि तिच्याजवळ निजणारी मुले आठ-दहा वर्षांची. अशा घरात काही बिघडले, तर दार उघडून शेजाऱ्याला हाक मारणारे धडधाकट माणूसच नसते.

काय करावे

गाळ्यात गॅस हीटर लावूच नये, हा सर्वांत सोपा नियम. ऊब माणसाला हवी असते, खोलीला नव्हे. स्वेटर, कानटोपी, वाकळ, फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी एवढ्यावर बीडची थंडी भागते. शेकोटी अंगणातच बरी. विजेचा हीटर कार्बन मोनॉक्साइड तयार करत नाही, पण त्याला चांगल्या जाडीची वायर आणि स्वतंत्र प्लग हवा, आणि तो कापूस व पांघरुणापासून दूर हवा.

रेशीम शेडसारख्या ठिकाणी गॅस किंवा शेगडीशिवाय भागतच नसेल, तर हवेला दोन वाटा हव्यात. एक खाली आत येण्याची, एक समोरच्या भिंतीत वर बाहेर जाण्याची. एकच खिडकी किलकिली ठेवणे पुरत नाही. हंगामाच्या सुरुवातीला बर्नर साफ करून घ्यावा. बर्नरची ज्योत निळी हवी. ती पिवळी, काजळी धरणारी दिसली तर लगेच बंद करावी. नळीवर छापलेली मुदत पाहावी, मुदत संपली असेल तर नळी बदलावी. आणि झोपण्यापूर्वी प्रत्येक आग बंद किंवा खोलीबाहेर, याला अपवाद नको. विझत आलेली शेगडीही बाहेरच. गॅस गिझरही बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवलेला असावा.

कोणी बेशुद्ध सापडले तर वाचवायला जाणाऱ्याने आधी दार किंवा शटर पूर्ण उघडावे, मोठा श्वास घेऊन आत जावे, रुग्णाला ओढत मोकळ्या हवेत आणावे. आत थांबून नाडी पाहत बसू नये. वाचवायला गेलेलाच कोसळल्याचे प्रकार घडतात. गॅसचा वास येत असेल तर विजेचे बटण चालू किंवा बंद करू नये. त्यानंतर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ‘बंद खोलीत गॅस किंवा शेगडी होती’ हे स्पष्ट सांगावे. त्या एका वाक्याने उपचाराची दिशा ठरते. कांदा हुंगवणे, तोंडात पाणी ओतणे यांत वेळ घालवू नये. गॅसगळतीच्या तक्रारीसाठी १९०६ हा क्रमांक आहे.

उपचार साधा आहे, पण वेळेवर हवा. साध्या हवेत श्वास घेत राहिले तर रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निम्मा व्हायला चार ते सहा तास लागतात. घट्ट मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला तर तेच काम तास-दीड तासात होते. कोरोनानंतर सरकारी रुग्णालयांत ऑक्सिजनची सोय वाढली आहे. गरज आहे ती वेळेवर शंका येण्याची. रक्तातले या वायूचे प्रमाण मोजण्याची सोय नसली तरी ऑक्सिजन सुरू करायला थांबू नये. शुद्धीवर आला म्हणून रुग्णाला लगेच घरी नेणेही चुकीचे. काहींना काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी विसराळूपणा, चिडचिड, चालताना तोल जाणे असे त्रास सुरू होतात, म्हणून पुन्हा तपासणी हवी.

जबाबदारी घरापुरती नाही

सगळा भार कुटुंबांवर टाकून चालणार नाही. गॅस वितरकांनी थंडी सुरू होताना हीटर आणि गिझरबद्दल ग्राहकांना सांगावे. रेशीम विभागाच्या प्रशिक्षणात शेड गरम करण्याच्या पाठाबरोबर हवेच्या दोन वाटांचा पाठही असावा. आशाताई नवजात बाळाला पाहायला घरी जातातच. त्या भेटीत बाजेखाली निखारे आहेत का, हे पाहणे त्यांच्या यादीत असावे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची नोंद गावपातळीवर होते. मागे राहिलेल्या आजी-आजोबांपर्यंत हा निरोप त्याच यादीवरून पोहोचवता येईल. आणि नवे घर बांधताना गाळ्याला शटरच्या वर आणि मागच्या भिंतीत झरोका ठेवायला मालकाने गवंड्याला सांगावे. विटा आणि जाळी मिळून त्याला फारसा खर्च येत नाही.

थंडीच्या चार रात्री सरतात आणि हीटर पुन्हा माळ्यावर जातो. इतकी वर्षे काही झाले नाही, असे घरातले म्हणतात, आणि ते खरेही असते. शटरच्या फटीत पोते नव्हते, बर्नर साफ होता किंवा कोणी मध्येच उठून दार उघडले, म्हणून ते निभावले. पुढच्या वेळी यातले एक जरी चुकले, तर चूक झाल्याचे सांगायला आतले कोणी जागे नसेल. म्हणून आज संध्याकाळी शटर ओढण्यापूर्वी आत काय पेटलेले आहे एवढे पाहावे, आणि जे पेटलेले असेल ते आधी बाहेर काढावे.